२२०७ मोटर: मोटर मस्त, सोबतचे स्क्रू मात्र लावू नका

रिव्ह्यू मोटरचा आहे म्हणून आधी तिच्याबद्दल. २२०७ साइज (आतला गाभा २२ मिलिमीटर रुंद, ७ उंच), १९५० केव्ही (प्रॉप नसताना दर व्होल्टला मिनिटाला साधारण तेवढे फेरे), सहा सेलच्या बॅटरीवरच्या पाच इंची क्वाडसाठी, म्हणजे पाच इंची प्रॉपच्या (पंख्यांच्या) चार मोटरींच्या ड्रोनसाठी घेतली आणि एकच घेतली, बाकीच्या तीन जुन्याच आहेत. वाइंडिंग (आतली तांब्याची गुंडाळी) एका जाड तारेचं, नीट भरलेलं. बेल, म्हणजे मोटरचं बाहेरचं फिरणारं कवच, हाताने फिरवली की मॅग्नेटचे टप्पे सगळीकडे सारखे लागतात, कुठे अडकत नाही, बेअरिंगची खरखर नाही. शाफ्टला खालून सी-क्लिपऐवजी स्क्रू दिलाय, हे मला फार आवडलं, कारण ती क्लिप एकदा का गवतात उडाली की शोधत बसा. मॅग्नेट एन ५२ एच असल्याचं पाकिटावर लिहिलंय, ते खरं असेल तर बरंच आहे, साधा एन ५२ साधारण ८० डिग्रीपर्यंतच चालतो आणि एच १२० पर्यंत जातो.

आता ही घ्यावी का लागली ते. क्वाड सेकंडहँड आहे. एक दिवस आर्म केला, म्हणजे उडवायला मोटरी चालू केल्या, तर तीन मोटर फिरतायत आणि चौथी नुसती थरथरतेय, जवळ गेलो तर तो ओळखीचा जळका वास. असं झालं की लोक लगेच नवीन मोटर सोल्डर करतात, बॅटरी जोडतात, आणि नवीनचाही धूर निघतो. मोटर सहसा आपली आपण जळत नाही हो, ती का जळली ते आधी बघा.

बघायचं कसं, तर बॅटरी काढा, प्रॉप काढा आणि बेल हाताने फिरवा. जड लागली, म्हणजे ब्रेक लावल्यासारखी, तर मोटरच्या तिन्ही तारा ईएससीवरून (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) सोडवा, एकमेकींना लागू देऊ नका आणि परत फिरवा. आता हलकी झाली तर मोटर बहुतेक ठीक आहे, ईएससीचा मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झालाय. तारा सुट्या असूनही जडच राहिली तर शॉर्ट वाइंडिंगच्या आत आहे, मोटर गेली. मल्टिमीटरने दोन तारांमध्ये बीप आला म्हणून कुणी खूश होऊ नका, तिथे रेझिस्टन्स इतका कमी असतो की चांगल्या मोटरलाही बीप येतो आणि अर्धवट जळलेलीलाही येतो. मीटर कामाला येतो तो दुसरीकडे: एक प्रोब तारेला आणि दुसरा मोटरच्या बेसला किंवा माउंटिंग स्क्रूला. इथे बीप येता कामा नये. माझ्या जुनीला आला, खणखणीत.

स्क्रू काढले तर एकाचं टोक चकचकीत घासलेलं आणि त्याच्या बरोबर वर वाइंडिंगचं इनॅमल (तारेवरचा करंट अडवणारा थर) खरवडलेलं. आधीच्या मालकाने लांब स्क्रू लावले होते. स्क्रू तांब्याला टेकला, उडताना व्हायब्रेशनने घासत राहिला, शेवटी फेजचा, म्हणजे त्या तारेतला करंट स्क्रूत आणि तिथून फ्रेममध्ये. फ्रेम कार्बन फायबरची, आणि त्यातून करंट जातो हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, प्लास्टिकसारखंच समजतात.

आणि म्हणूनच या कंपनीवर माझा राग आहे. पाकिटात स्क्रू दिलेत एम ३, ८ मिलिमीटरचे, सगळे एकाच लांबीचे. फ्रेमचा आर्म, म्हणजे ज्यावर मोटर बसते तो दांडा, ६ मिलिमीटर जाड असेल तर बरोबर बसतील, पण माझा आहे ४ चा, म्हणजे स्क्रू ४ मिलिमीटर आत जाणार आणि परत तीच गंमत. आर्मच्या जाडीत दोन ते अडीच मिलिमीटर मिळवा, तेवढाच स्क्रू घ्या, आणि आवळल्यावर मोटर तिरकी धरून बाजूने टॉर्च मारून बघा टोक कुठे पोचलंय. ६ मिलिमीटरचे चार स्क्रू जास्तीचे टाकले असते तर यांचं काय गेलं असतं कोण जाणे.

लावताना पहिली बॅटरी स्मोक स्टॉपरमधूनच जोडली. काहीतरी शॉर्ट असेल तर तो करंट अडवतो आणि ईएससी वाचतो, ही वस्तू नसेल तर मोटरच्या आधी ती घ्या. बीटाफ्लाइट या क्वाडच्या सॉफ्टवेअरच्या मोटर टॅबमध्ये, अर्थात प्रॉपशिवाय, एकेक फिरवून बघितली. नवीन उलटी फिरत होती, ईएससीच्या सेटिंगमधून दिशा बदलली, दोन तारा अदलाबदल केल्या तरी तेच होतं.

पहिल्या फ्लाइटनंतर उतरवून लगेच चारही मोटरींना बोट लावलं. नवीन कोमट, जुन्या तिन्ही त्याच्यापेक्षा जरा गरम पण बोट ठेवता येत होतं. चारही एकदम तापत असतील तर मोटरला शिव्या देऊ नका, ट्यूनमधला डी (क्वाड स्थिर ठेवणाऱ्या पीआयडी सेटिंगमधला एक आकडा) कमी करा किंवा फिल्टर बघा, कारण जायरोचा (क्वाडचं वळणं मोजणाऱ्या सेन्सरचा) नॉइज डी टर्ममधून वाढून मोटरला जातो आणि ती उगाच मागेपुढे थरथरत तापत राहते. एकच तापत असेल तर बेअरिंग, वाकलेली बेल, शाफ्टला गुंडाळलेला केस किंवा गवत, असलं काहीतरी.

घेताना केव्ही नीट बघा, हीच मोटर २४०० केव्हीतही मिळते आणि ती चार सेलसाठी आहे. सहा सेल फुल चार्ज म्हणजे २५.२ व्होल्ट, त्यावर २४०० वाली फुल थ्रॉटलला मोठ्या प्रॉपने चालवलीत तर तिचं आयुष्य फार नाही.

पाचपैकी चार स्टार, एक स्क्रूचा कापला. पुढची पण हीच घेईन, स्क्रू वेगळे मागवून.