नवी पेठेतून आणलेला एक्स्टेन्शन बोर्ड : चार महिन्यांच्या वापरानंतर

माझी मुलगी पुण्यातील एका कंपनीचे काम जुळे सोलापुरातील आमच्या घरून करते. तिच्या टेबलाजवळच्या भिंतीत सॉकेट नसल्यामुळे लॅपटॉप, मॉनिटर आणि राऊटर या तिन्ही वस्तू एका एक्स्टेन्शन बोर्डावरच चालतात. जुना बोर्ड काढून मी मार्चमध्ये सोलापुरातील नवी पेठेतील एका इलेक्ट्रिकलच्या दुकानातून ६५० रुपयांना नवा आणला. सोलापूरचा सगळा उन्हाळा तो रोज आठ-दहा तास वापरून झाल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे.

जुना बोर्ड का बदलावा लागला, ते आधी सांगतो. लॅपटॉप चार्जिंगला लावलेला असताना त्याच्या धातूच्या कडेवरून बोट फिरवले की बारीक मुंग्या येत असत. मुलीने हे दोन-तीनदा सांगूनही मी मनावर घेतले नाही, याचे आजही वाईट वाटते. पुढे एका सॉकेटच्या भोकाभोवती तपकिरी डाग दिसला, तेव्हा पिन भिंतीतून काढून मी बोर्डाचे स्क्रू उघडले. आत दोनच वायरी होत्या. पिनेला तिसरा जाड पाय होता आणि बोर्डाला तिसरे भोकही होते, परंतु त्या दोघांना जोडणारी हिरवी वायर मुळातच घातलेली नव्हती. लॅपटॉपच्या अडॅप्टरमधील फिल्टरमधून अगदी थोडा प्रवाह धातूच्या भागाकडे झिरपत असतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर आपल्या बोटाला जाणवतो. एवढ्या प्रवाहाने सहसा इजा होत नाही. मात्र त्याच बोर्डावर आम्ही मागच्या उन्हाळ्यात पत्र्याचा कूलर लावत होतो, आणि त्यात बिघाड होऊन फेजची वायर पत्र्याला टेकली असती तर काय झाले असते, हा विचार अजून मनातून जात नाही.

नव्या दुकानात मला सर्वांत आवडले ते मालकांचे वागणे. मी आठ सॉकेटचा आणि मोबाईल चार्जिंगच्या खाचा असलेला बोर्ड हातात घेतला, तर ते म्हणाले, "काका, तो राहू द्या, त्याची वायर लई बारीक आहे." मग त्यांनी चार सॉकेटचा बोर्ड काढला, मल्टिमीटरचे एक टोक पिनेच्या जाड पायाला आणि दुसरे बोर्डाच्या वरच्या भोकाला लावले आणि अर्थिंग जोडलेले असल्याचा आवाज मला ऐकवला. या तपासणीला अर्धा मिनिटही लागत नाही. प्रत्येक दुकानात ती मागून घ्यावी.

बोर्डाची वायर तीन पदरी, १ चौरस मिलिमीटर तांब्याची आणि दोन मीटर लांब आहे. तिच्यावर आयएसआय चिन्ह व 'आयएस ६९४' (अशा वायरींच्या भारतीय मानकाचा क्रमांक) ही अक्षरे स्पष्ट छापलेली आहेत. सॉकेट ६ अँपिअरची आहेत, म्हणजे २३० व्होल्टला साधारण १३८० वॉट. ६५ वॉटचा लॅपटॉप अडॅप्टर जेमतेम अर्धा अँपिअर घेतो, त्यामुळे टेबलावरील सर्व वस्तू लावूनही बोर्डावर भार असा पडत नाही. मात्र पाणी तापवण्याचा १५०० वॉटचा रॉड एकटाच साडेसहा अँपिअर घेतो. त्याची जागा भिंतीतील १६ अँपिअरच्या पॉवर सॉकेटमध्येच आहे. वायरमधील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. मे महिन्यात खोलीच तापलेली असताना ती उष्णता बाहेर पडायलाही वाव नसतो. म्हणून वायरीचे वेटोळे करून ठेवू नये आणि एका बोर्डात दुसरा बोर्ड खोचू नये. एप्रिल-मेच्या दुपारी मी अनेकदा वायरीला हात लावून पाहिला. ती कधीही गरम लागली नाही.

उणिवा दोन आहेत. सॉकेट इतकी जवळजवळ आहेत की राऊटरचा ठोकळ्यासारखा अडॅप्टर लावला की शेजारचे भोक झाकले जाते, म्हणजे चारांपैकी तीनच कामाची उरतात. दुसरे असे की वेष्टनावर 'स्पाइक गार्ड' हे शब्द मोठ्या अक्षरांत छापले आहेत, परंतु त्याची मर्यादा कोठेही लिहिलेली नाही. तो गेलेली वीज परत येतानाची क्षणिक उसळी शोषतो. दाब तासन्‌तास कमी-जास्त राहत असेल तर त्याचा उपयोग नाही. लॅपटॉपचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे त्याला कमी दाबाचा त्रास होत नाही. फ्रीजची गोष्ट मात्र वेगळी आहे.

बोर्ड चांगला असला तरी चार्जरची काळजी आपल्यालाच घ्यावी लागते. मुलगी रात्री पलंगावर काम करत असे आणि अडॅप्टर सोलापुरी चादरीखाली जात असे. ती जाड सुती चादर उष्णता धरून ठेवते. एकदा अडॅप्टर उचलला तर हातात धरवेना. आता तो उघड्या फरशीवर असतो. वायर जिथे अडॅप्टरमध्ये शिरते, ती मान सर्वांत आधी तुटते. लॅपटॉपकडच्या बाजूला वीसेक व्होल्टच असल्याने झटका बसत नाही, म्हणून लोक तिथे टेप गुंडाळून काम भागवतात. परंतु आतील तारा एकमेकींना टेकल्या तर ठिणगी पडून वेष्टन जळू शकते. आमच्या चार्जरची मान सोलली, तेव्हा टेप न लावता आम्ही तो बदलला.

फरशी पुसताना पाणी लागू नये म्हणून बोर्ड मागच्या खाचांच्या आधारे टेबलाच्या पायाला वीतभर उंचीवर टांगला आहे. मुंग्या येणे पहिल्याच दिवशी थांबले. वायरमनने घराचे अर्थिंगही तपासून ठीक असल्याचे सांगितले. ते नसते तर या बोर्डाची तिसरी वायर निरुपयोगीच ठरली असती. टेबलाशेजारी भिंतीत दोन सॉकेट बसवण्याचे कामही त्यालाच दिले आहे. ते झाले की हा बोर्ड फक्त मॉनिटर आणि राऊटरपुरता राहील.