फ्रेकोट ७७०-एनसी: बसच्या बंपरच्या मोल्डवर कसं चालतं

वाळूज एमआयडीसीत आमचं फायबरचं छोटं वर्कशॉप आहे. ट्रॅव्हल्सच्या बसचे बंपर, मशीनची कव्हरं, कूलरच्या बॉड्या, सगळं हातानं लॅमिनेशन, म्हणजे मोल्डमध्ये (साच्यात) फायबरची मॅट आणि रेझिन थरावर थर बसवायचं. मोल्डची तयारी माझ्याकडे असते. आमच्या लाइनमध्ये रेझिनच्या भावावर तासभर चर्चा होते, पण रिलीजचं, म्हणजे पीस मोल्डमधून सुटावा म्हणून लावायच्या रसायनाचं, नाव निघालं की 'लावा काहीतरी मेण' एवढ्यावर विषय संपतो. पीस मोल्डला चिकटला तर रेझिन, मॅट, मजुरी तर जातेच, वर मोल्डचा जेलकोटही (वरचा गुळगुळीत रेझिनचा थर) उचलला जातो. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी आमच्याकडेही सगळ्यांसारखंच चालायचं: कार्नौबा मेणाचे थर, प्रत्येक थर घासून चकाकी, वरून पीव्हीएचा, म्हणजे वाळून पातळ पापुद्रा होणाऱ्या द्रवाचा, फवारा. ही पद्धत वाईट नाही. नवा कोरा मोल्ड असेल, तर पहिल्या पिसांना मी आजही मेण आणि पीव्हीएच लावते. मात्र पीव्हीए पाण्यात विरघळणारं असल्यानं ऑगस्टच्या दमट हवेत वाळता वाळत नाही. शिवाय त्याच्या पापुद्र्यामुळे मोल्डची चकाकी पिसावर पूर्ण उतरत नाही. पीस धुवा, मग बफिंग करा, आणि पुढच्या पिसाला पुन्हा पहिल्यापासून.

हेंकेलचं लॉक्टाइट फ्रेकोट ७७०-एनसी हे सेमी-परमनंट रिलीज आहे. एकदा नीट बसलं की एकाच तयारीवर ओळीनं बरेच पीस निघतात. दिसायला मात्र अगदी पातळ. आमच्याकडचे जुने कारागीर, त्यांना सगळे मामा म्हणतात, डबा उघडल्यावर म्हणाले, "ताई, हे तर निस्तं पाणी हाय. ह्यानं बंपर सुटंल व्हय?" सुटला. पाचर अर्धी शिरली तेवढ्यात कडेनं 'कट्ट' आवाज आला, मग हवा मारली आणि अख्खा बंपर एका अंगानं वर आला. रबरी हातोडा भिंतीलाच टेकलेला राहिला. पिसावर ट्यूबलाइटची रेघ सरळ दिसत होती, कुठे लाट नाही.

पण खरी मेहनत डबा उघडायच्या आधीची आहे. जुनं मेण मोल्डवर राहिलं तर हे रसायन मोल्डला धरत नाही, मेणाला धरतं, आणि मेण निघालं की तेही निघून जातं. नुसत्या अ‍ॅसिटोनच्या फडक्यानं कार्नौबा पूर्ण जात नाही. मोल्ड क्लीनर लावून, सिलिकॉन नसलेल्या पॉलिशच्या कंपाउंडनं हलकं घासून, कापड बदलत बदलत पुसावं लागतं. झालं की नाही हे मी पाण्यानं बघते. पाणी एकसारखं पसरलं तर मोल्ड स्वच्छ, थेंब होऊन पळालं तर तिथे मेण शिल्लक आहे. बंपरच्या आतल्या कोपऱ्यात, बोट जेमतेम जातं तिथे, हमखास शिल्लक असतं. मोल्डला बारीक छिद्रं असतील तर आधी ती बुजवणारा सीलर हवा. याच कंपनीचं बी-१५ त्यासाठीच असतं.

लावताना न पिंजणारं सुती कापड ओलसर करायचं, गळेल इतकं भिजवायचं नाही. एका वेळी हातभर जागा, पातळ ओला थर, आणि लगेच पुढे. मेणासारखं रगडायचं नाही. पुढचा थर आडव्या हातानं, आधीचा उडून गेल्यावर. डब्यावर लिहिलेला वेळ सोडून घाई करू नये. शेवटचा थर पक्का झाला की मास्किंग टेप चिकटवून ओढून बघा. टेप कुठे अडली तर तिथे अजून एक हात द्या.

आपल्याकडच्या हवेचं वेगळं सांगायला हवं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली दुपारी मोल्डला हात लावला तर चटका बसतो. अशा वेळी सॉल्व्हंट कापडाखालीच उडतं आणि पट्टे राहतात, ते पुढे जेलकोटवर उमटतात. उन्हाळ्यात आम्ही हे काम सकाळी, ऊन चढायच्या आत उरकतो आणि मोल्ड आदल्या रात्रीच सावलीत घेतो. हे रसायन हवेतल्या ओलाव्यानं पक्कं होतं. त्यामुळे डबा उघडा ठेवला तर आतला माल खराब होतो. लागेल तेवढंच वाटीत काढायचं, उरलेलं परत ओतायचं नाही. मागे एका पुरवठादारानं सील फुटलेला डबा दिला होता आणि बदलून द्यायला फार खेटे घालायला लावले. तेव्हापासून सील बघितल्याशिवाय मी पैसे देत नाही.

मोठ्या सपाट पॅनलला जास्त थर देऊ नका. पृष्ठभाग फार निसरडा झाला की जेलकोट आकसताना वेळेआधीच मोल्ड सोडतो आणि पिसावर सुरकुती राहते. आम्ही सपाट भागाला आणि फ्लँजला (मोल्डच्या बाहेरच्या कडेच्या पट्टीला) हात आवरता ठेवतो. खोल कोपऱ्यांतला आणि कडांवरचा थर आधी झिजतो. पीस जड निघायला लागला की तिथे एक हात पुरतो, सगळं पुन्हा करावं लागत नाही.

बंपर रंगात जातात, आणि रंगवाल्याला रिलीजचा धाक असतो. ऑटो पार्ट्सच्या दुकानातला सिलिकॉन स्प्रे कोणी मोल्डवर मारला की रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात आणि सँडिंग करूनही लवकर जात नाहीत. फ्रेकोट पिसावर फारच कमी उतरतं. तरी रंगाआधी पीस पुसून, पेपर मारूनच द्यावा.

डबा महाग आहे, मेणाशी तुलनाच नाही. एका मोल्डमधून दोन-चार पीस काढून मोल्ड कोपऱ्यात जाणार असेल तर घेऊ नका, मेण आणि पीव्हीए पुरे. रोज तोच मोल्ड चालत असेल तर वाचलेल्या बफिंगच्या मजुरीत पैसे वसूल होतात, आमचे झाले. माल ज्वलनशील आहे आणि वास उग्र. पोरांना हातमोजे आणि मास्क द्या, शेडचे दोन्ही दरवाजे उघडे ठेवा आणि वेल्डिंगवाल्याला तेवढा वेळ बाहेर बसवा.