खालून हाक आणि ‘खाली ये’चा मेसेज

मी १९९४ साली दहावीला होतो, लेक यंदा आहे. घर तेच, ठाण्याच्या नौपाड्यातलं.

तेव्हा मित्राला भेटायचं तर त्याच्या बिल्डिंगखाली उभं राहून हाक मारायची. आधी गॅलरीत त्याची आई यायची, “अभ्यास झाला का रे तुझा?” मग तो. फोन शेजारच्या काकूंकडे. आपण बोलायचं आणि त्यांनी भाजी निवडत ऐकायचं. लेकीला हा सोपस्कारच नाही. मैत्रीण गेटवर येऊन मेसेज टाकते, ‘खाली ये’. बेलसुद्धा वाजत नाही. ती कोण, कुठली, हे मला महिन्याभराने कळतं. एकांत तिला जास्त आहे आणि त्या वयात मला तोच हवा होता, हे कबूल.

आमचा अड्डा तलावपाळी. एक भेळ, खाणारे चौघं, शेवटच्या चुऱ्यावरून भांडण. त्यांचा मॉल नाहीतर कॅफे; बिल यूपीआयने तिथल्या तिथे वाटून मोकळे. हिशेब चोख, पण “तुझे पाच रुपये देणं आहे” म्हणत उद्या पुन्हा भेटायची आमची सोय गेली. इथे मी आमच्या बाजूने.

कपडे, केस, गाणी? काही फरक नाही. आईबापांना तेव्हाही पसंत नव्हती.

दिवाळीच्या पहाटे मात्र तीही राम मारुती रोडलाच, पोरापोरींच्या गर्दीत जाते, मी जायचो तशी, नटूनथटून, ‘सहज’. माझं सहज कोणाला कळलं नाही. तिचं रील दुपारच्या आत डोंबिवलीच्या आत्याने पाहिलेलं असतं.