गुण द्यायचं ॲप: साडेतीन स्टार

धार्मिक वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून बसले होते, आयोजकांनी कागदाऐवजी गुण द्यायचं ॲप दिलं, त्याबद्दल लिहितेय. बेरीज आपोआप होते आणि तिघा परीक्षकांना एकमेकांचे गुण शेवटपर्यंत दिसत नाहीत, हे एक नंबर. नाहीतर शेजारच्याच्या कागदावर नजर जातेच हो. टायमरही बरा, वेळ संपली की स्क्रीन लाल.

पण रकाने बघा, आशय, उच्चार, हावभाव, पाठांतर, सगळ्यांना सारखेच गुण! मग होतं काय, एका मुलानं वचनं घडाघडा म्हटली, हातवारे अगदी बसवलेले, अर्थाच्या नावानं बोंब, तो वर गेला आणि एक मुलगी मधेच अडकली, पाणी प्यायली, मग क्षमा म्हणजे काय ते भावाशी झालेल्या भांडणावरून सांगितलं तिनं, ती खाली. आशयाचं वजन वाढवायची सोय सेटिंगमध्ये आहे म्हणे, कुणी उघडूनच बघितलं नव्हतं. शेऱ्याचा रकाना एवढुसा की ‘छान’च्या पुढे काही मावत नाही. आणि एकदा सबमिट केलं की बदल नाही, पहिल्या स्पर्धकाला मी जरा हात राखून गुण दिलेले, ते तसेच राहिले बिचारीचे.