बीम प्रोफायलिंगचे सॉफ्टवेअर: तयार प्रोग्रामवर बांधावे की थेट कॅमेऱ्यावर?

बीम प्रोफायलिंग म्हणजे लेझर बीमची रुंदी आणि तीव्रतेची वाटणी कॅमेऱ्याने मोजणे. त्या कॅमेऱ्यासाठी आपल्या गरजेचे सॉफ्टवेअर करायचे ठरले, की दोन वाटा दिसतात. कॅमेऱ्यासोबत आलेला प्रोग्राम मागे चालू ठेवून ऑटोमेशनने (आपल्या प्रोग्रामने त्याला आज्ञा देऊन) त्याच्याकडून आकडे घ्यावेत, किंवा तो बाजूला ठेवून जेनआयकॅम या कॅमेऱ्यांशी बोलण्याच्या सामाईक मानकाच्या आधारे थेट फ्रेम घ्याव्यात आणि गणित पायथॉनमध्ये आपणच करावे. गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीतील आमच्या छोट्या कार्यशाळेत मी पहिली वाट धरली होती आणि एका पावसाळ्यानंतर ती सोडली.

तिचे गुण नाकारता येणार नाहीत. आमचे काम आठवड्याभरात झाले आणि ओळखीच्या प्रोग्रामचा आकडा ग्राहकही शंका न घेता स्वीकारत असत.

अडले ते पार्श्वभूमी, म्हणजे बीम नसतानाही सेन्सर दाखवतो तो आकडा, वजा करण्यापाशी. आयएसओ १११४६ या लेझर बीम मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बीमची रुंदी द्वितीय आघूर्णावरून काढताना प्रत्येक पिक्सेलची तीव्रता केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाने गुणली जाते, त्यामुळे कडेचा किरकोळ नॉइजसुद्धा भारी पडतो. वजाबाकीनंतर हा नॉइज शून्याच्या वरखाली राहिला तर बेरजेत बराचसा फिटतो. आमचा प्रोग्राम मात्र ऋण आकडे शून्यावर छाटत असे, आणि कच्ची फ्रेम ऑटोमेशनमधून मिळतच नसे. त्यात जूनमध्ये वीज गेली की यूपीएसवर लेझर आणि कॅमेरा चालू राहत, पण एसी बंद पडे. सेन्सर तापे आणि सकाळी घेतलेली पार्श्वभूमी दुपारी लागू पडत नसे. लेझर तोच, भिंगे तीच, रुंदी मात्र फुगलेली. आम्ही बिचारी भिंगे किती वेळा पुसली, याची गणती नाही.

आता प्रत्येक फ्रेमच्या चार अंधाऱ्या कोपऱ्यांवरून पार्श्वभूमी काढतो, ऋण आकडे तसेच ठेवतो आणि बीमच्या तिप्पट रुंदीच्या चौकटीतच बेरीज करतो. ही वाटही निष्कंटक नाही. कामाला चार महिने लागले. ऋण संख्या न बसणाऱ्या चिन्हविरहित १६ बिट पूर्णांकांत १० मधून १२ वजा केले की ६५५३४ येतात, हे मी पडद्यावर लखलखणारे ठिपके पाहून शिकलो. ऑटो गेन आणि गॅमा, म्हणजे कॅमेऱ्याने आपणहून उजळपणा बदलण्याच्या सोयी, बंद आहेत ना, हेही आपणच पाहावे लागते.

बीम प्रखर असेल, सेन्सरचा बराच भाग व्यापत असेल आणि रोज फक्त पास की नापास एवढेच पाहायचे असेल, तर तयार प्रोग्राम कदाचित पुरेल. लहान किंवा मंद बीम मोजायचा असल्यास, मला वाटते, चार महिने खर्चावेत; निदान कॅमेरा घेण्यापूर्वी १२ बिटांची अस्पर्श फ्रेम बाहेर काढता येते का, हे विक्रेत्याकडून प्रत्यक्ष करून दाखवून घ्यावे.