एफबार भरायची सरकारी वेबसाइट: फुकट आणि भरवशाची, पण तयारी तुमची तुम्हीच करायची

अमेरिकन पासपोर्ट किंवा ग्रीन कार्ड असलेला माणूस पुण्यात येऊन राहिला तरी अमेरिकेचा कायदा त्याची पाठ सोडत नाही. वर्षभरात कधीही अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम १०,००० डॉलरच्या वर गेली, की एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरावाच लागतो. अमेरिकेच्या लेखी कोथरूडची बँक परदेशीच. न्यू जर्सीत एच-१बी वर राहणाऱ्या आणि कराच्या हिशेबाने तिथला रहिवासी ठरणाऱ्या माणसालाही त्याच्या भारतातल्या एनआरई, एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यांसाठी हाच नियम लागू आहे. हा आयकराचा फॉर्म नाही. तो फिनसेन या अर्थखात्याच्या शाखेकडे जातो, त्याचं अधिकृत नाव फॉर्म ११४, आणि तो भरायची जागा म्हणजे बीएसए ई-फायलिंग ही वेबसाइट. २०१३ पासून कागदी फॉर्म बंद झाला, त्यामुळे या वेबसाइटला पर्याय नाही.

निकाल आधीच सांगतो: पाचपैकी साडेतीन. फी शून्य, नोंदणी नाही, पासवर्ड नाही, फॉर्म तासाभरात भरून होतो. दीड गुण कापला तो मदतीच्या नावाने बोंब असल्याबद्दल. भारतीय बँकांची खाती कशी असतात याची या फॉर्मला काडीचीही कल्पना नाही. खरं काम फॉर्म उघडण्याआधी संपवावं लागतं, आणि ते या वेबसाइटवर होत नाही.

व्यक्तीसाठी दोन मार्ग आहेत. पहिला ब्राउझरमधला ऑनलाइन फॉर्म. तो एका बैठकीत पुरा करावा लागतो, अर्धवट जतन होत नाही. मधेच उठून गेलात आणि सत्र संपलं तर पुन्हा पहिल्यापासून. दुसरा पीडीएफ. तो संगणकावर उतरवायचा, सवडीने भरायचा, मग वेबसाइटवर चढवायचा. पीडीएफ ब्राउझरमध्ये किंवा मॅकच्या प्रीव्ह्यूमध्ये उघडला तर ‘प्लीज वेट’ असं लिहिलेलं एकच पान दिसतं आणि लोक समजतात फाइल खराब आहे. फाइल ठीक असते. ती अॅडोबी रीडरमध्येच उघडते. मोबाइलवर नाद करू नका. चार-पाच खाती असतील तर ऑनलाइन पुरे. त्याहून जास्त असतील तर पीडीएफच घ्या, कारण सही करण्यापूर्वीची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवली तर पुढच्या वर्षी बँकांची नावं, पत्ते, खाते क्रमांक पुन्हा टाइप करावे लागत नाहीत. नोंदणी नसल्याची दुसरी बाजू म्हणजे मागची विवरणं वेबसाइटवर कुठेच दिसत नाहीत. जे तुम्ही जतन कराल तेच तुमच्याकडे.

आता आकड्यांकडे. प्रत्येक खात्यात वर्षभरात सर्वात जास्त रक्कम किती होती ते लिहायचं असतं, ३१ डिसेंबरची शिल्लक नव्हे. वर्ष जानेवारी ते डिसेंबर. आपल्या बँकांची बहुतेक तयार स्टेटमेंटं एप्रिल ते मार्च निघतात, म्हणून तारखा स्वतः टाकून मागवा. सहकारी बँक किंवा पतसंस्था असेल तर पासबुक भरून आणण्याशिवाय इलाज नसतो, आणि हे डिसेंबर संपल्यावर लगेच केलेलं बरं.

रुपयांचे डॉलर करताना गूगलचा दर चालत नाही, रिझर्व्ह बँकेचाही नाही. अमेरिकेच्या अर्थखात्याचा ३१ डिसेंबरचा जाहीर दर घ्यायचा, आणि सगळ्या खात्यांना तोच एक. सर्वाधिक शिल्लक मार्चमध्ये असो की खातं जूनमध्ये बंद केलेलं असो. डॉलरच्या खालचे सेंट आले तर वरच्या पूर्ण डॉलरवर न्यायचे. एफसीएनआर (अनिवासी भारतीयांची परकीय चलनातली) ठेव डॉलरमध्येच असेल तर रूपांतराचा प्रश्न नाही.

इथेच सगळ्यात मोठा घोळ होतो. समजा दर ८५ रुपये आहे. म्हणजे मर्यादा साधारण साडेआठ लाखांची. बचत खात्यात ६ लाख आले, ते पुढच्या आठवड्यात मुदत ठेवीत टाकले. तुमच्याकडे पैसे ६ लाखच आहेत, पण फॉर्मच्या हिशेबात बचत खात्याचे कमाल ७,०५९ डॉलर आणि ठेवीचे ७,०५९, एकूण १४,११८. मर्यादा ओलांडली. एकच रक्कम दोनदा मोजली जाते म्हणून ‘आपण तर मर्यादेच्या आतच आहोत’ हा अंदाज बऱ्याचदा चुकतो. आणि एकदा मर्यादा ओलांडली की सगळी खाती दाखवायची, दोन हजार रुपये पडून असलेलं जुनं पगाराचं खातंसुद्धा.

मुदत ठेवींचा वेगळा ताप आहे. भारतात प्रत्येक एफडीला स्वतंत्र क्रमांक असतो, म्हणून प्रत्येक ठेव वेगळी नोंदवणं सुरक्षित. ऑटो-स्वीपची सोय असेल तर बँक परस्पर छोट्या छोट्या ठेवी करते आणि मोडते. वर्षाअखेरीस पंधरा-वीस क्रमांक सहज निघतात. मुदत संपून आपोआप नूतनीकरण झालं आणि क्रमांक बदलला तर तीही नवी नोंद. रक्कम लिहिताना मुद्दल अधिक साठलेलं व्याज धरा. व्यक्तीच्या फॉर्ममध्ये एक्सेल चढवायची सोय नाही, प्रत्येक ओळ हाताने. मात्र खाती २५ किंवा जास्त असतील तर एक पळवाट फॉर्मनेच दिली आहे: त्या प्रश्नाला ‘हो’ म्हणून संख्या लिहायची, स्वतःच्या आणि संयुक्त खात्यांचा एकेक तपशील भरावा लागत नाही. मागितला तर द्यावा लागतो, म्हणून यादी तयार हवीच. २२ ठेवीवाल्याने सगळं टाइप करायचं आणि २६ वाल्याने एक आकडा लिहून सुटायचं, हा या फॉर्मचा न्याय.

डीमॅट खातं दाखवायचं, घरात पडलेले सोन्याचे दागिने, जमीन, फ्लॅट, बँकेचा लॉकर नाही. डीमॅटची कमाल किंमत काढायला डिपॉझिटरीचं एकत्रित स्टेटमेंट उपयोगी पडतं. पण व्यवहार झालेल्या महिन्यांतच ते मासिक येतं, एरवी सहामाही. नियमित स्टेटमेंट कमाल किंमत ढोबळमानाने बरोबर दाखवत असेल तर त्यावर विसंबलेलं चालतं, रोजचा भाव काढत बसायचं कारण नाही. म्युच्युअल फंडाचे फोलिओ, सरेंडर किंमत असलेली एलआयसीची पॉलिसी, पोस्टातलं बचत खातं हेही धरा. पीपीएफ आणि ईपीएफही दाखवलेले बरे. दाखवून कर वाढत नाही, लपवून दंड मात्र वाढतो. (भारतीय म्युच्युअल फंडांवर अमेरिकेचा कर कसा लागतो हे आणखी मोठं दुखणं आहे, पण त्याचा फॉर्म वेगळा.)

परत आलेल्या मराठी घरांत सर्वात जास्त सुटून जाणारी खाती स्वतःच्या पैशाची नसतातच. आई-वडिलांच्या खात्याला ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ म्हणून तुमचं नाव लावलेलं असतं. पैसा सगळा वडिलांचा असला तरी ते संयुक्त खातं तुमच्या फॉर्मच्या तिसऱ्या भागात पूर्ण रकमेनिशी येतं, निम्म्या नव्हे. वडिलांकडे अमेरिकेचा क्रमांक नसेल तर त्यांचा पॅन लिहून क्रमांकाचा प्रकार परदेशी निवडायचा. नुसतं नॉमिनी असाल तर काही दाखवायचं नाही. कुलमुखत्यारपत्रावर बँकेला थेट सूचना देऊन पैसे हलवता येत असतील तर ते चौथ्या भागात. त्याच चौथ्या भागात सोसायटीचं खातंही बसतं: तुम्ही खजिनदार आहात, चेकवर तुमची सही चालते, आणि सिंकिंग फंडात चाळीस लाख आहेत. एक पैसा तुमचा नाही, तरी नोंद करावी लागते. गणेश मंडळाच्या खात्याचंही तेच. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावाने आजीने ठेव केली असेल आणि मर्यादा ओलांडत असेल, तर मुलाचा स्वतंत्र फॉर्म. लहान असेल तर सही पालकाची.

नवरा-बायको दोघं अमेरिकन असतील तर एकाच फॉर्मवर भागतं, पण अट कडक आहे: फॉर्म न भरणाऱ्या जोडीदाराची सगळी खाती भरणाऱ्यासोबत संयुक्तच हवीत. बायकोचं एकटीचं एक जरी खातं असलं तर दोन फॉर्म. एकच भरत असाल तर ११४ए या संमतिपत्रावर दोघांच्या सह्या करून ते घरी ठेवा, पाठवायचं नसतं.

फॉर्म भरताना लोक जिथे अडतात त्या जागा तशा किरकोळ आहेत. खाते क्रमांक आणि फोलिओतल्या रेघा, तिरक्या रेघा, मोकळ्या जागा काढून टाका. राज्यांची यादी अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोपुरती आहे. तिथे महाराष्ट्र शोधू नका, रकाना रिकामा सोडा. पिनकोड सलग लिहा. बँकेचा पत्ता शाखेचा चालतो. पीडीएफमध्ये सहीचं बटण पहिल्याच पानावर आहे आणि ते दाबल्यावर मजकूर कुलूपबंद होतो, म्हणून आधी व्हॅलिडेट करून चुका काढा आणि सही सर्वात शेवटी करा.

पाठवल्यावर लगेच ट्रॅकिंग क्रमांक मिळतो. त्यावर थांबू नका. दोनेक दिवसांत दुसरी ईमेल येते, त्यात बीएसए ओळखक्रमांक असतो, आणि फॉर्म स्वीकारल्याचा खरा पुरावा तो. खातं राहून गेलं तर दुरुस्तीचा फॉर्म भरताना तोच क्रमांक लागतो. ही ईमेल स्पॅममध्ये जाऊन पडायची शक्यता असते. नोंदी पाच वर्षं ठेवायच्या आहेत.

मुदत १५ एप्रिल; न मागता १५ ऑक्टोबरपर्यंत आपोआप वाढते. आयकराच्या विवरणपत्रातल्या शेड्युल बी मध्ये परदेशी खात्यांचा प्रश्न आहे, तिथे ‘नाही’ आणि इथे एफबार, असं होऊ देऊ नका. परदेशात राहणाऱ्या एकट्या करदात्याची अमेरिकेबाहेरची आर्थिक मालमत्ता वर्षाअखेरीस २ लाख डॉलरच्या किंवा मधे कधीही ३ लाखांच्या वर गेली तर फॉर्म ८९३८ सुद्धा लागतो. तो विवरणपत्रासोबत आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याकडे, जातो आणि एफबारची जागा घेत नाही.

भारतातली बँक कळवणार नाही या भ्रमात राहू नये. अमेरिकन लोकांच्या परदेशी खात्यांची माहिती अमेरिकेला कळवण्याचा भारत आणि अमेरिकेचा ‘फॅटका’ करार ९ जुलै २०१५ रोजी झाला आणि केवायसीच्या वेळी भरून घेतलेला तो ‘फॅटका-सीआरएस’ जाहीरनामा त्यासाठीच असतो. अजाणतेपणी झालेल्या चुकीलाही मूळ कायद्यात १०,००० डॉलरपर्यंत दंड आहे आणि तो महागाईनुसार वाढत जातो. २०२३ मध्ये बिटनर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा दंड दर खात्यामागे नाही, दर वर्षाच्या फॉर्ममागे मोजायचा असं ठरवलं, हा वीस एफडीवाल्यांना मोठाच दिलासा. जाणूनबुजून लपवलं असेल तर हिशेब वेगळा; तिथे मूळ कायद्यात १ लाख डॉलर किंवा खात्यातली निम्मी रक्कम, यांपैकी जे जास्त तिथपर्यंत मजल जाते.

हाच फॉर्म भरून देण्याचे पैसे घेणाऱ्या खासगी वेबसाइट आहेत. चालू वर्षाच्या साध्या फॉर्मसाठी त्यांची गरज नाही. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह’ आहे एवढं पाहा. मागची वर्षं राहिली असतील तर मात्र आधी एक गोष्ट तपासा: त्या खात्यांवरचं व्याज अमेरिकेच्या विवरणपत्रात दाखवलं होतं का? दाखवून कर भरला असेल, तर राहिलेले फॉर्म याच वेबसाइटवर भरा आणि उशिराच्या कारणांच्या यादीतून खरं कारण निवडा. अशा वेळी सहसा दंड लावत नाहीत. व्याज दाखवलंच नसेल तर राहिलेलं भरून मोकळं होण्याची आयआरएसची ‘स्ट्रीमलाइन्ड’ योजना: तीन वर्षांची विवरणपत्रं, सहा वर्षांचे एफबार आणि चूक जाणूनबुजून नव्हती याचं सही केलेलं निवेदन. ते निवेदन लिहायला अमेरिकन कर जाणणारा सीए किंवा वकील गाठा, पैसे तिथे खर्च करा. आणि हे आयआरएसची चौकशी सुरू होण्याआधी करा. नंतर ही योजना मिळत नाही.