गूगल अ‍ॅनालिटिक्स ४ : शहापुरातील साडी दुकानाच्या संकेतस्थळावरील अनुभव

बेळगावच्या शहापूर भागातील आमच्या साड्यांच्या दुकानाचे संकेतस्थळ मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत असल्यामुळे, कोणते पान किती जण पाहतात आणि त्यांतील किती जण पुढे संपर्क साधतात, हे कळावे म्हणून गूगल अ‍ॅनालिटिक्स ४ ही भेटी मोजणारी विनामूल्य सेवा टॅग मॅनेजरमार्फत (संकेतस्थळावर मोजणीचे कोड, म्हणजे ‘टॅग’, बसवण्याचे गूगलचे साधन) जोडली. पृष्ठदर्शने, पान ९० टक्के खाली सरकवणे (स्क्रोल) आणि बाहेरील दुव्यांवरील क्लिक यांची नोंद वेगळी मांडणी न करता होते. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपच्या दुव्यावरील क्लिक लगेच दिसू लागले. दूरध्वनी क्रमांकावरील क्लिक मात्र आपोआप मोजले जात नाहीत, त्यासाठी ‘tel:’ने सुरू होणाऱ्या (फोन लावणाऱ्या) दुव्यांचा स्वतंत्र ट्रिगर, म्हणजे टॅग केव्हा चालावा हे ठरवणारी अट, तयार करावा लागला, आणि आमच्याकडे चौकशी फोनवरच अधिक होत असल्याने हीच खरी कामाची नोंद ठरली.

चाचणीसाठी टॅग मॅनेजरमधील प्रीव्ह्यू आणि अ‍ॅनालिटिक्समधील डीबगव्ह्यू, म्हणजे नोंदी होताना तपासून पाहण्याच्या सोयी, उत्तम आहेत. पहिल्या दिवशी प्रत्येक भेट दोनदा दिसत होती. संकेतस्थळाच्या थीममध्ये (मांडणीच्या साच्यात) मीच पूर्वी चिकटवलेला जुना टॅग काढायचा राहिला होता, हे तेथेच उघडकीस आले. रिअलटाइम अहवालात गेल्या ३० मिनिटांची हालचाल दिसते, परंतु सविस्तर अहवालांना २४ ते ४८ तास लागू शकतात, म्हणून घाईने निष्कर्ष काढू नयेत. तपशीलवार विदा (डेटा) मुळात २ महिनेच राहते. ती मुदत पहिल्याच दिवशी १४ महिने करावी, अन्यथा यंदाच्या दिवाळीची गेल्या दिवाळीशी सखोल तुलना करता येणार नाही. अहवालांची मांडणी नवख्या दुकानदाराला किचकटच वाटेल.